भावाला लोकल अडवायचीये, बाबा म्हणतात ओढून खाली काढला तेच बरं

ताई नमस्कार,
आई आणि मी दोघी तुमचं सदर वाचतो. मी बदलापूरची, वय २९, फोर्टला एका ऑफिसात अकाउंट्स बघते. घरी आईबाबा, मी आणि धाकटा भाऊ, तो इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. बाबा रेल्वेत होते, कुर्ला कारशेडला, आता रिटायर झालेत.

भाऊ पर्यावरणाचं काम करणाऱ्या पोरांच्या एका ग्रुपमध्ये आहे. मध्यंतरी त्याने घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लंडनचा एक जुना व्हिडिओ टाकला. ट्रेनच्या टपावर दोन माणसं बॅनर घेऊन चढलीयेत आणि खालचे प्रवासी चिडून एकाला पाय धरून खाली खेचतात आणि मारतात. भावाने खाली लिहिलं, बघा लोक कसे आंधळे झालेत. बाबांनी लिहिलं, ओढला ते बरं केलं, मी असतो तर मीपण दोन ठेवून दिल्या असत्या. तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोलत नाहीयेत, जेवायलाही वेगवेगळे बसतात.

आता खरं टेन्शन सांगते. त्याने मला एकटीला सांगितलंय की त्यांचा ग्रुप दादरला संध्याकाळच्या गर्दीत फास्ट लोकल अडवणार आहे, काही जण रुळावर बसणार आणि एक जण टपावर चढून बॅनर धरणार. बाबांना सांगायचं नाही म्हणून शपथ घातलीये. ताई, मी त्याच वेळेच्या गाडीने घरी येते हो. गाडी लेट झाली की रडू येतं इतकी दमलेली असते. पण २०१९ ला उल्हास नदीचं पाणी आमच्या तळमजल्यात शिरलं तेव्हा आजीचं कपाट, गाद्या, माझी सर्टिफिकेटं सगळं गेलं, त्यामुळे तो बोलतो ते खोटं नाही हेही मला कळतं. मी नक्की कोणाच्या बाजूची? त्याला थांबवू का? बाबांना सांगू का?
— घालमेल, बदलापूर

अगं घालमेल,

बाजू वगैरे नंतर बघू, आधी ते टपाचं. ती शपथ मोड. आजच मोड, हे वाचून झालं की बाबांना किंवा निदान भावाला समोर बसवून बोल, कारण यात विचार करायला वेळच नाहीये. त्या व्हिडिओतल्या गाडीला वीज खालून मिळते, लंडनच्या अंडरग्राउंडला रुळांच्या जोडीने जादा रूळ असतात त्यातून करंट येतो, डोक्यावर वायर नसतेच, म्हणून ती माणसं टपावर चढून बॅनर धरून उभी राहू शकली. आपल्याकडे डोक्यावर पंचवीस हजार व्होल्ट आहेत. पूर्वी दीड हजारावर डीसी चालायचं, मग वेस्टर्न २०१२ ला बदलली, सेंट्रल २०१५ ला, हार्बर २०१६ ला, आता सगळीकडे २५ हजार एसी. त्या वायरला हात लावावाच लागत नाही, नुसतं जवळ गेलं तरी करंट उडी मारून अंगावर येतो आणि बॅनर ओला असेल, त्याला ॲल्युमिनियमची काठी असेल तर विचारूच नको. टपावर चढलेली पोरं जळून गेल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनीच वाचल्यात. तुझ्या भावाच्या ग्रुपने लंडनचा व्हिडिओ बघून प्लॅन केलाय आणि मुंबईची वायर कोणी बघितलीच नाहीये असं मला पत्रावरून स्पष्ट वाटतंय. हे त्याला समजावून सांगायला तुझ्या बाबांइतका माणूस अख्ख्या बदलापुरात मिळायचा नाही, आयुष्य कारशेडला काढलेला माणूस आहे तो, पॅन्टोग्राफ म्हणजे टपावरचा तो वायरला टेकणारा सांगाडा आणि ओएचई म्हणजे ती डोक्यावरची वायर, दोन्ही त्यांनी हाताने बघितलंय. म्हणून म्हणते त्यांना सांगायचं. चुगली म्हणून नाही, पोरगा जिवंत राहावा म्हणून.

रुळावर बसायचं म्हणशील तर तेही तितकंच. फास्ट लोकल समोर माणूस दिसला म्हणून जागच्या जागी थांबत नाही, ब्रेक मारल्यावरही शेकडो मीटर जाते, आणि तो ब्रेक मारणारा मोटरमन पण कोणाचा तरी बाप असतो, त्या धक्क्याने महिनोन्महिने झोप न लागलेले मोटरमन बाबांच्या ओळखीचे असणारच, विचार त्यांना. आणि कायद्याचं म्हणशील तर रेल्वे ॲक्टच्या कलम १७४ मध्ये रेलरोको हा शब्दच लिहिलेला आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. तिसऱ्या वर्षाच्या पोराला पासपोर्ट, नोकरी, व्हेरिफिकेशन सगळं पुढे असतं. पण खरं सांगू, केस अंगावर घेऊन लढणारी माणसं असतात आणि मला त्यांचा आदर आहे, त्यामुळे नुसत्या कायद्याच्या भीतीने त्याला अडवू नकोस, तो ऐकणारही नाही.

आता तुझा मोठा प्रश्न, लोक इतके का चिडतात, आणि तू त्यात कुठे.

तो व्हिडिओ १७ ऑक्टोबर २०१९ चा आहे, कॅनिंग टाउन स्टेशन, एक्स्टिंक्शन रिबेलियन नावाच्या संघटनेची माणसं होती. भावाला सांग नकाशावर कॅनिंग टाउन बघ. पूर्व लंडन, कष्टकऱ्यांचा भाग, आणि वेळ सकाळी सातच्या सुमाराची. त्या वेळेला ट्रेनमध्ये कोण असतं? ज्यांना घरून काम करायची सोय नाही ते, साफसफाईवाले, बांधकामावरचे, हॉस्पिटलच्या शिफ्टवाले. तिथला एक माणूस ओरडून सांगत होता की मला कामावर जायचंय, पोरांना खायला घालायचंय. तू डोंबिवलीला, मुंब्र्याला, कुर्ल्याला हेच वाक्य रोज ऐकतेस की नाही? आणि ती गाडी विजेवर चालणारी, हजार माणसं एकदम वाहून नेणारी. म्हणजे ज्या माणसाने पेट्रोल जाळलं नाही, गाडी घेतली नाही, रोज चेंगरून का होईना पण सगळ्यात कमी धुराचा प्रवास केला, त्यालाच पकडून सांगितलं की तू थांब, पृथ्वी जळतेय. त्याला राग नाही येणार तर काय होईल!

पण ओढून मारलं ते बरं केलं हे बाबांचं म्हणणं मला अजिबात पटलेलं नाही आणि हे त्यांना वाचून दाखवलंस तरी चालेल. पडलेल्या माणसावर पन्नास जण तुटून पडतात तेव्हा तिथे न्याय वगैरे काही नसतो, आठवड्याभराचा, वर्षभराचा साठलेला राग हाताला लागेल त्याच्यावर निघतो. त्या दिवशी नुसता शूटिंग करणारा एक जणही मार खाऊन गेला. आणि त्याच गर्दीत त्याला वाचवायला मध्ये पडलेले लोकही होते. लोकलमध्ये पाकीटमार म्हणून पकडलेल्याला डब्यात कसं तुडवतात हे बाबांनी बघितलंय, आणि त्यातले काही नंतर निर्दोष निघतात हेही. उद्या दादरला रुळावर त्यांचाच पोरगा असेल आणि प्लॅटफॉर्मवर त्यांच्यासारखेच दोन ठेवून द्यायला तयार असलेले हजार बाबा असतील, एवढं चित्र त्यांनी डोळ्यासमोर आणलं तरी खूप झालं.

अजून एक गोष्ट आहे जी या व्हिडिओत दिसत नाही आणि ती भावालाही माहीत नसावी. त्याच दिवशी तिथून जवळच शॅडवेल स्टेशनवर पण गाडी अडवली होती, दोन ख्रिस्ती धर्मगुरू आणि एक म्हातारे रिटायर प्राध्यापक, दोघं टपावर, एकाने हात गाडीला चिकटवलेला. त्यांच्यावर केस झाली आणि जानेवारी २०२२ ला ज्युरीने, म्हणजे साध्या बारा नागरिकांनी, त्यांना निर्दोष सोडलं. एकाच शहरातली साधी माणसं, एकाच दिवसाची एकाच प्रकारची घटना. प्लॅटफॉर्मवर उभ्या असलेल्यांनी मारलं आणि कोर्टात बसून सगळं शांतपणे ऐकलेल्यांनी सोडलं. माझं यावरून असं मत झालंय की लोक आंधळे वगैरे नसतात, कामाला उशीर होत असताना कोणीच ऐकू शकत नाही इतकंच. मग लोकांनी ऐकावं असं ज्याला खरंच वाटतं त्याने ती वेळ निवडायचीच कशाला?

आता आपल्या गावाकडे ये, कारण तुला लंडन शिकवायची गरज नाही, तू बदलापूरची आहेस. २० ऑगस्ट २०२४. शाळेतल्या दोन चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाला आणि अख्खं बदलापूर रुळावर उतरलं, दहा तासांच्या आसपास गाड्या बंद होत्या, लाठीमार झाला, शेकडो लोकांवर गुन्हे दाखल झाले. लाखो प्रवासी अडकले. पण तेव्हा अडकलेल्या प्रवाशांनी रुळावरच्यांना खेचून मारल्याचं ऐकलंस का? रूळ तेच, उशीर त्याहून कितीतरी मोठा. फरक हा की रुळावर बसलेला माणूस कोण आणि का बसलाय हे डब्यातल्या माणसाला आतून माहीत होतं, ती त्याचीच पोर होती.

तसंच एसी लोकलचं. ऑगस्ट २०२२ ला साध्या लोकल काढून त्या जागी एसी चालवल्या तेव्हा कळवा-बदलापूरचे लोक उभे राहिले, कळव्याला तर कारशेडमधून निघालेली एसी लोकलच अडवली, आणि काही दिवसांत सेंट्रल रेल्वेने दहा एसी फेऱ्या मागे घेतल्या. थांबवणारे आणि थांबलेले तेच होते. पास कोणाचा, घाम कोणाचा, भांडण कोणाचं, सगळं एकच. मी रेलरोको करा असं अजिबात म्हणत नाहीये, पुढे सांगते का ते, पण लोकांची रिॲक्शन कशावर ठरते ते यातून कळतं. तुझ्या भावाच्या ग्रुपमधली किती पोरं त्या दादरच्या फास्टला रोज लटकतात? तो लटकत असेल, बाकीचे? हा प्रश्न त्याला विचार, टोमणा मारायला नको, खरंच विचार, कारण टपावर बॅनर घेऊन जो चढेल तो खालच्यांना आपला वाटला पाहिजे, नाहीतर बॅनरवर काय लिहिलंय ते कोणी वाचणार नाही.

रेलरोको नको का म्हणते ते सांगते. ६ नोव्हेंबर २०२५ ची संध्याकाळ आठव. मुंब्र्याला लोकलमधून पडून माणसं गेली त्या अपघाताच्या केसमध्ये रेल्वेच्या इंजिनिअरांवर गुन्हा दाखल झाला म्हणून रेल्वे कर्मचाऱ्यांनी सीएसएमटीला ऐन गर्दीत आंदोलन केलं, गाड्या जागच्या जागी थांबल्या, माणसं कंटाळून खाली उतरून रुळावरून चालायला लागली आणि सॅन्डहर्स्ट रोडजवळ लोकलखाली आली, जीव गेले. जीव गेलेल्यांचं त्या भांडणाशी काही देणंघेणं नव्हतं, घरी जायचं होतं फक्त. तसाही आपल्या लोकलवर दरवर्षी दोन हजारांवर माणसं मरतात. या लाइनवर गाडी थांबली की लोक डब्यात शांत बसून राहत नाहीत, उड्या मारतात, बायका साड्या सावरत खडीवरून चालतात, मागून पुढून गाडी येते. हे तुझ्या भावाच्या हातात राहणार नाही. अकरा मिनिटं बसू आणि उठू असं ठरवून बसतील, पण दादरला अकरा मिनिटं फास्ट ट्रॅक बंद म्हणजे ठाण्यापर्यंत रात्री उशिरापर्यंत गोंधळ, हे बाबा तोंडपाठ सांगतील.

आणि त्या अडकलेल्या गाडीत कोण असेल ते एकदा त्याच्या डोळ्यासमोर उभं कर. परळला टाटाला किमो घेऊन दिव्यांग डब्यात बसलेला माणूस, मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत फाइल, शेजारी बायको हातात उलटीसाठी पिशवी धरून. त्यांना कर्जत गाठायचंय. लेडीज डब्यात दाराशी उभी असलेली ती पोरगी जिचं बाळ पाळणाघरात आहे आणि पाळणाघरवाल्या काकू सातनंतर फोनवर फोन करतात. आणि तू. तूच त्या गाडीत असशील ना गं. तुझा भाऊ ज्यांच्या भविष्यासाठी बसणार आहे ती माणसं दुसरीकडे कुठे नाहीत, त्याच डब्यात आहेत.

यावर तो म्हणेल, आणि हुशार असेल तर म्हणणारच, की राडा केल्याशिवाय कोणी लक्ष देत नाही, आणि अभ्यास झालेत. झालेत खरे. नोव्हेंबर २०२२ ला जस्ट स्टॉप ऑइलवाल्यांनी लंडनभोवतीचा एम-२५ हायवे आठवडाभर अडवला, त्याच्या आधी आणि नंतर लोकांना विचारलं तर त्या आंदोलनाची जास्त माहिती असलेल्यांमध्ये एका दुसऱ्याच, मवाळ पर्यावरण संघटनेला पाठिंबा वाढलेला दिसला. त्याला हा मुद्दा देऊन टाक, खोटा नाहीये. पण मग हेही सांग की ते देशभरातले लोक होते, हायवेवर अडकून पडलेले ड्रायव्हर नव्हेत, आणि रस्ता गाड्यांचा होता, लोकांच्या ट्रेनचा नव्हता. आणि २०२० ला छापून आलेल्या दुसऱ्या एका अभ्यासात बरोबर उलटं दिसलं होतं, की आंदोलन जितकं टोकाचं तितका बघणाऱ्याला तो आंदोलक परका वाटायला लागतो आणि पाठिंबा घसरतो, मुद्दा पटत असला तरी. दोन्ही खरं असू शकतं. पण कॅनिंग टाउननंतर खुद्द एक्स्टिंक्शन रिबेलियनमध्येच भांडणं झाली, आणि २०२३ च्या जानेवारीत त्यांनीच जाहीर केलं की सर्वसामान्यांची अडवणूक हा आमचा मुख्य मार्ग आता नाही, त्याच एप्रिलमध्ये पार्लमेंटसमोर चार दिवस हजारो माणसं जमवली आणि लोकांचे रस्ते-गाड्या बंद केल्या नाहीत. ज्यांचा व्हिडिओ तो फॉरवर्ड करतोय त्यांनी स्वतःच तो रस्ता सोडलाय हे त्याला कोणीतरी सांगितलं पाहिजे.

मुद्दा मात्र खरा आहे गं, आणि इथे मी बाबांवर थोडी नाराज आहे. पोरगा पावसाबद्दल बोलतो म्हणून त्याला हसू नका. पुण्याच्या आयआयटीएम या हवामानाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ ला दाखवून दिलं की मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या भागावर एकदम कोसळणारा अतिवृष्टीचा पाऊस १९५० ते २०१५ मध्ये तिपटीने वाढला, आणि त्याचा धागा तापलेल्या अरबी समुद्राशी जातो. हा पट्टा आपल्या पश्चिम किनाऱ्यापासूनच सुरू होतो. आणि हा पाऊस सगळ्यात आधी कोणाची गाडी बंद पाडतो? २६ जुलै २००५, सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर, लोकल ठप्प. २७ जुलै २०१९, बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात, हजारावर माणसं बोटीने काढली, तुमच्या घरात पाणी शिरलं ते त्याच पुरात असणार. २६ मे २०२५, पाऊस मुंबईत कधी नव्हे इतका लवकर आला आणि नुकतंच उघडलेलं मेट्रो-३ चं आचार्य अत्रे चौक स्टेशन चिखलाच्या पाण्याने भरलं. म्हणजे रेलरोको तर पाऊस करतोच आहे, दरवर्षी, आणि त्याला कलम १७४ लागत नाही. आयुष्यभर रेल्वेत राहिलेल्या माणसाला हे पोरापेक्षा जास्त कळायला हवं, कारण त्या पाण्यात उभं राहून गाड्या चालू ठेवणारे त्यांचेच दोस्त होते.

म्हणून भावाला नुसतं नको करू म्हणू नकोस, त्याची आग विझवायची नाहीये. त्याला विचार की भांडण कोणाशी आहे. निर्णय घेणाऱ्याशी असेल तर निर्णय घेणारा दादरच्या फास्टमध्ये लटकलेला नसतो ना. मुंबईत हे शहाणपण जुनं आहे. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर बायका लाटणी घेऊन, थाळ्या बडवत महागाईविरुद्ध रस्त्यावर उतरल्या त्या सरकारला हलवायला, शेजारणीची चूल बंद पाडायला नाही. आरेचंही बघ, तिथे मेट्रोच्या कारशेडसाठी झाडं तोडायची होती. ४ ऑक्टोबर २०१९ ला हायकोर्टाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती चालू झाल्या, तेव्हा झाडं कापली जात होती तिथे पोरं जाऊन उभी राहिली, २९ जणांना अटक झाली, आणि ७ तारखेला सुप्रीम कोर्टाने तोड थांबवली. तोपर्यंत दोन हजारांवर झाडं गेलेली होती आणि पुढे कारशेड तिथेच झाली, मेट्रो चालू पण झाली, म्हणजे जिंकले असं मी म्हणणार नाही. पण मुंबईकरांमध्ये तेव्हा मेट्रो हवी म्हणणारेही भरपूर असताना कोणी त्या पोरांना ओढून मारलं नाही, कारण ती करवतीसमोर उभी होती, कोणाच्या घरी जाणाऱ्या गाडीसमोर नाही.

आणि मला विचारशील तर त्या ग्रुपला मुंबईत करण्यासारखं सगळ्यात मोठं क्लायमेटचं काम बेस्टच्या स्टॉपवर पडलेलं आहे. बेस्टच्या बस कमी कमी होत चालल्यात, एकेकाळी चार हजारांवर होत्या, आता तीन हजारही राहिलेल्या नाहीत, आणि मे २०२५ ला कमीत कमी तिकीट पाचाचं दहा झालं. त्याच शहरात तेरा हजार कोटींच्या वर खर्चून कोस्टल रोड झाला ज्यावर टू-व्हीलरला पण बंदी आहे. बसला पैसा नाही आणि गाड्यांच्या रस्त्याला आहे, यापेक्षा सरळ भांडण कुठलं हवं? यात स्टॉपवर उभा असलेला प्रत्येक माणूस त्यांच्या बाजूचा आहे, समजावायची गरजच नाही, फक्त रांगेत जाऊन बोलायचं, सह्या घ्यायच्या, महापालिकेच्या बजेटच्या वेळी तिथे जाऊन बसायचं, नगरसेवकाला त्याच्या ऑफिसात गाठायचं. लोकलचं पण तसंच. प्रवासी संघटनांनी २०२४ च्या ऑगस्टमध्ये पांढरे कपडे आणि काळ्या फिती लावून निषेध केला, एक गाडी लेट न करता. त्या संघटनांमध्ये बहुतेक पन्नाशी-साठीची माणसं असतात, पत्रं लिहून लिहून थकलेली, त्यांना मोबाइल चालवणारी, आकडे काढणारी पोरं हवीच आहेत. कुठल्या स्टेशनात कितव्या पावसात पाणी भरतं, पंप चालू होता का, नाला साफ झाला होता का, हे बदलापूर ते कल्याण नुसतं नीट लिहून ठेवलं आणि डीआरएमच्या, म्हणजे रेल्वेच्या विभागीय मॅनेजरच्या टेबलावर नेऊन ठेवलं तरी ते टपावरच्या बॅनरपेक्षा जास्त टोचेल. स्लो काम आहे, व्हायरल होणार नाही, हे त्याला आधीच सांग, फसवू नकोस.

तू कोणाच्या बाजूची विचारतेस. तुझं कपाट पुरात गेलंय आणि तुझा पगार लेट मार्कला कापला जातो, तू दोन्हीकडची आहेस आणि यात काही चूक नाही. उलट त्या घरात बाबांना आणि भावाला एकमेकांचं ऐकू येईल असं बोलू शकणारी तूच आहेस. फक्त निरोप्या होऊ नकोस, याचं त्याला आणि त्याचं याला सांगत बसशील तर तूच पिचशील. रविवारी मेगाब्लॉक असतो, तसंही कोणी बाहेर जात नाही, त्या दिवशी दोघांना एका ताटाशी बसव. सुरुवात व्हिडिओवरून नको, त्यावरून परत पेटेल. बाबांना म्हण, ओएचईचं काय असतं ते याला सांगा, आणि भावाला म्हण, पुराच्या दिवशी तू काय बघितलंस ते बाबांना सांग. बाबा ओरडले तर ओरडू देत, पण दोन ठेवून देईन हे वाक्य परत निघालं तर तिथेच थांबव आणि सांग की हे तुम्ही तुमच्याच पोराबद्दल बोलताय.

आणि शपथ मोडलीस म्हणून भाऊ चिडेल, बोलणार नाही काही दिवस, सहन कर. त्याच्या ग्रुपमधल्या टपावर चढणाऱ्या पोराचं नाव त्याच्याकडून काढ, त्याच्या घरी पण हे कळलं पाहिजे, ते घर तुझं नसलं तरी. एवढं करूनही ते ठरवलेल्या दिवशी दादरला जायला निघाले तर मग गप्प बसायचं नाही, रेल्वेची हेल्पलाइन १३९ आहे, दादरला आरपीएफची, म्हणजे रेल्वे सुरक्षा दलाची चौकी आहे, आधी कळवायचं, आपल्या भावाची तक्रार करतेय असं मनात आणायचं नाही. आणि पोलिसांनी त्याला चौकीत बसवून ठेवलंच तर सोडवायला तू धावत जाऊ नकोस, बाबांना पाठव. त्यांना त्या वेळी त्याच्याशेजारी त्या बाकावर बसायची गरज आहे, आणि त्यालाही ते यायला हवेत.